बाहेरून आणलेलं पात्र

हौसाबाईला अभिनेत्री म्हणायची सोय नाही. चिडते. "अभिनेत्रीला खुर्ची देतात," म्हणते. "आम्हाला बसायला आमचीच ट्रंक." नटी म्हटलं तर आणखी चिडते, कारण गावोगावच्या पोस्टरांवर तिला नटी म्हणूनच छापायचे आणि त्यातल्या काही पोस्टरांना शेण फासलेलं तिनं स्वतः पाहिलेलं आहे. कलावंत म्हटलं तर नुसती हसते. मग म्हणायचं तरी काय?

"पात्र म्हणा. स्त्री पात्र. नाटकात जेवढं काम, तेवढंच पात्र असतं. पुढं काही नाही, मागं काही नाही."

नाशिक रोडला आमच्या कॉलनीत, आमच्याच मजल्यावर, समोरच्या दारात ती राहते. वय शहात्तर. कुणाच्याही घरात सरळ शिरत नाही. उंबऱ्यात थांबते, पदर सारखा करते, मनात तीन आकडे मोजते आणि मग आत येते. लोकांनी आधी बघून घ्यावं, मग आपण बोलावं, असा तिचा नियम. वाटीभर साखर मागायला आली तरी.

कॉलनीतल्या बायकांना तिनं कामं वाटून दिलेली आहेत. दारावर येणारी भाजीवाली खलनायिका. सुट्टीला येणारी माझी सून सहनायिका. "चेहरा चांगला आहे, पण हिला वाक्यं कमी." मी कारखान्यात पस्तीस वर्षं मशीनवर उभा राहून रिटायर झालेला, सातवी नापास माणूस. मला म्हणाली, "अण्णा, तुमचं तोंड नायिकेच्या बापाचं. पहिल्या अंकात ओरडायचं आणि दुसऱ्यात धाप लागून मरायचं."

तिला मी पहिल्यांदा पाहिली ती सायखेड्याला. ते माझं गाव. यात्रेला पोरं नाटक बसवायची. गावातली मुलगी स्टेजवर उभी राहणार नाही, म्हणून नायिका बाहेरून आणायची. मंडळाची दोन माणसं एसटीनं नाशिकला जायची आणि बाईला तिची नक्कल द्यायची. नक्कल म्हणजे तिच्या एकटीच्या वाक्यांची वही. हौसाबाई ती वही परत करायची. "सगळं पुस्तक द्या. मला सगळ्यांचंच पाठ करावं लागतं."

का ते मला त्या वर्षी समजलं. मी एकोणीस वर्षांचा, विंगेत बत्ती धरायला उभा. आमचा हिरो किसन, उसाचा बागाईतदार. दोन महिने त्यानं एका मिशीवाल्या गड्यासमोर तालीम केलेली. खरी बाई समोर आली आणि किसनची जीभ टाळ्याला चिकटली. खांबासारखा उभा. प्रॉम्प्टर ओरडून ओरडून बसला. पुढच्या रांगेत हसायला लागले. आता गावाची अब्रू जाते, असं झालं. तेव्हा हौसाबाई एक पाऊल पुढं आली आणि म्हणाली, "नाथ, तुम्ही काय बोलणार ते मला ठाऊक आहे. तुम्ही बोलणार की..." आणि त्याचं दीड पान तिनं म्हणून टाकलं. मग म्हणाली, "आता यावर माझं उत्तर ऐका," आणि स्वतःचं दीड पान म्हटलं. टाळ्याच टाळ्या. किसनला सरपंचांनी अभिनयाचं बक्षीस दिलं. "लय सोसलं राव त्यानं, एक शब्द बोलला नाय," असं गाव वर्षभर म्हणत होतं. बाईला पहाटेच्या पहिल्या गाडीत बसवून दिलं. चहा विचारल्याचं मला आठवत नाही. मीही विचारला नाही.

पोस्टरवर तिचं नाव कुमारी हेमलता असायचं. हौसा हे नाव पोस्टरवर शोभत नाही. पन्नाशी उलटली तरी कुमारीच छापायचे आणि ते खरंही होतं. लग्नाचं विचारलं तर म्हणते, "दर यात्रेला लागलं. सगळी पहाटे मोडली."

माझी बायको सरू तिला नटवी म्हणायची. तोंडावर नाही, पण आमचं दार उघडं असायचं आणि सरूचा आवाज काही हळू नव्हता. संक्रांतीचं हळदीकुंकू सगळ्या कॉलनीला असायचं. समोरचं एक दार सोडून. बावीस वर्षं. मी कधी मध्ये पडलो नाही. बायकांचं बायका बघतील, म्हणायचो. आता वाटतं, एकदा तरी तोंड उघडायला पाहिजे होतं.

तीन वर्षांपूर्वी सरू विसरायला लागली. आधी गॅस, मग गल्ली, मग मी. ते सगळं सोसलं. पण एक दिवस तिनं जेवण बंद केलं. घास तोंडाशी नेला की ओठ आवळून घ्यायची आणि एकच विचारायची, "वच्छाक्का कुठाय?"

वच्छाक्का म्हणजे तिची थोरली बहीण, नांदगावची. आई लहानपणीच गेली, भाऊ नव्हता, तेव्हा वच्छाक्कानंच सरूला वाढवलं. ती जाऊन दहा वर्षं झाली होती. पहिल्यांदा मी सरूला खरं सांगितलं. तिनं असा टाहो फोडला की जणू आत्ताच गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. पुन्हा सांगायची हिंमत झाली नाही.

डॉक्टर म्हणाले, "तीन दिवसांत पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. त्या नळी ओढतील. हात बांधावे लागतील." सरूचे हात बांधायचे. मी घरी येऊन जिन्यातच बसलो.

संध्याकाळी हौसाबाई उंबऱ्यात आली. थांबली. पदर सारखा केला.

"अण्णा, वच्छाक्काचं काम मी करते."

मी म्हणालो, "बाई, सरू तुम्हाला काय म्हणते ते तुम्हाला..."

"तुमचं दार उघडंच असतं अण्णा. मला सगळं पाठ आहे. नक्कल द्या."

ती वही-पेन्सिल घेऊन बसली. वच्छाक्का पदर डोक्यावर घ्यायची की खांद्यावर? बसताना आधी हात टेकायची की गुडघा? राग आला की बोलायची की गप्प राहायची? सरूला काय म्हणून हाक मारायची? मी म्हणालो, "चांगली बाई होती." तिनं पेन्सिल खाली ठेवली. "चांगली कुणालाही म्हणता येतं. त्यात काम काय करायचं? चाळीस वर्षांत मेहुणीकडं एकदाही नीट बघितलं नाही तुम्ही?"

नव्हतं बघितलं. शेवटी वच्छाक्काच्या मुलाला, दिनूला, नांदगावला फोन लावला. कशासाठी ते सांगितलं नाही, लाज वाटली. सरूला जुन्या गोष्टी सांगायच्या आहेत, एवढंच म्हणालो. तो तासभर बोलला. हौसाबाई फोनला कान लावून लिहीत होती. बहीण बहिणीला सरे म्हणायची. लाडीगोडी कधी नाही, नेहमी दरडावणं. घरी शेळ्या होत्या, काळी, ढवळी आणि लंगडी, आणि वच्छाक्का एकेका शेळीच्या नावानं घास भरवायची. मी वहीची पानं भरताना बघत होतो. माझ्याच बायकोचं बालपण, आणि त्यातलं मला एक अक्षर माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हौसाबाई नऊवारी नेसून आली. सवयीनं उंबऱ्यात थांबली. तीन आकडे मोजले. सरूनं मान वर केली, तिला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "ही नटवी कशाला आली?" पुढची वाटी उचलून भिरकावली. वरण भिंतीवर, हौसाबाईच्या लुगड्यावर, माझ्या डोळ्यांत.

मला ओळखत नव्हती, स्वतःचं नाव सांगत नव्हती. पण तेवढं एक तिला बरोबर आठवलं.

मोरीत पदर धूत असलेल्या हौसाबाईला मी म्हणालो, "झाला तमाशा. आता पुरे करा. आजारी माणसाला फसवायचं, हे मला पहिल्यापासून पटलेलं नाही."

ती पदर पिळत म्हणाली, "चूक माझी आहे. मी एन्ट्री घेतली. बहीण एन्ट्री घेत नाही. ती घरातच असते."

"बाई, दोन दिवस राहिलेत."

"मग उद्या एक आणि परवा एक. दोन प्रयोग होतात."

दुसऱ्या दिवशी ती सकाळीच येऊन स्वयंपाकघरात बसली. भाकरी केली. दुपारी बाराला हाताला पीठ तसंच, पाठ सरूकडं करून दारातून बाहेर येता येताच ओरडली, "सरे, शेळ्या कुणी सोडल्या? सगळं कुंपण खाल्लं त्यांनी."

सरूचा चेहरा असा झाला की तो मी लिहू शकत नाही. "मी नाही सोडल्या," म्हणाली. बारीक आवाजात. चोरी पकडलेल्या पोरीसारखी.

"मग कुणी? मी? गप बस तिथं आणि खा. हा काळीचा."

मी चौकट धरून उभा होतो. घास ओठांपर्यंत गेला. ओठ मिटलेले. हौसाबाईचा हात हलला नाही. ती दुसरीकडंच बघत होती, तोंडानं कुंपणाला शिव्या चालूच. ओठ उघडले.

"हा ढवळीचा. हा लंगडीचा."

"लंगडी मेली ना गं," सरू म्हणाली.

"मग तिचा ठेवू का शिल्लक?"

"नको. मी खाते."

सहा घास गेले. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ पूर्ण सोडला आणि त्या आवाजात काय करायचं ते करून घेतलं.

मग सात महिने हा प्रयोग रोज बाराला. एक दिवस खाडा नाही. कामात असताना ती आमच्याकडं पाणीसुद्धा घ्यायची नाही, आणि काम संपलं की समोरचं दार लावून घ्यायची. सरूच्या गालांवर पुन्हा मांस दिसायला लागलं. पण एक दिवस सरू घास चावत म्हणाली, "वच्छाक्का, तो माणूस कोण गं? रोज इथंच असतो."

"असेल कुणी. आहे एक खडूस," हौसाबाई म्हणाली.

बाहेर गेल्यावर मी तिला जिन्यात गाठलं. "नवरा म्हणायला तुमची जीभ झडत होती का? तेवढं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

तिनं वही उघडून दाखवली. "वच्छाक्काला तुम्ही आवडत नव्हतात, अण्णा. लग्नात तुम्ही रुसून मांडवातून उठला होतात म्हणे. भाच्यानं सांगितलं आहे. नक्कलेत आहे, मी काय करू?"

मी उठलो होतो, हे खरं. एका घड्याळासाठी.

पाचव्या महिन्यात दिनू न सांगता आला. पेरू घेऊन. दार उघडंच होतं. आत पलंगावर सरू आणि तिच्यासमोर, पदर डोक्यावर, डावा गुडघा वर घेऊन बसलेली बाई. त्याच्या आईची बैठक. त्याच्या आईचा दरडावणारा आवाज. त्याच्या हातातली पिशवी सुटली, पेरू घरभर गेले, आणि तो मोठ्यानं बोलून बसला, "ही कोण? माझी आई जाऊन दहा वर्षं झाली."

सरूचं चावणं थांबलं. घास गालात तसाच. तिनं दिनूकडं पाहिलं, मग हौसाबाईकडं. कित्येक महिन्यांत नव्हता असा स्वच्छ आवाज लागला तिचा.

"मग तू कोण?"

मला ती नळी दिसली. बांधलेले हात दिसले. हौसाबाईनं माझ्याकडं पाहिलंच नाही. सावकाश पुढचा तुकडा मोडला.

"बघ सरे. दहा वर्षं आईकडं फिरकला नाही. मेलीच म्हणून मोकळा झाला." मग दिनूकडं वळून म्हणाली, "तेराव्याला गोड काय केलं होतंस रे?"

दिनू साठीला आलेला माणूस, किराणा दुकान चालवतो. त्याच्या डोळ्यांतून धार लागली होती. तो दाराला टेकला आणि म्हणाला, "शिरा केला होता, आई."

"तूप कमी घातलं असशील."

"कमीच पडलं, आई."

सरू हसायला लागली. "चिंगूस आहे मेला," म्हणाली आणि घास गिळला.

नंतर बाहेर दिनूनं हौसाबाईच्या पायावर डोकं ठेवलं. तिनं त्याला उठवलं आणि म्हणाली, "मध्येच वाक्य नका टाकू हो. जीव जातो."

त्यानंतर आठेक दिवसांनी हौसाबाईनं नक्कल सोडली. आयुष्यात पहिल्यांदाच सोडली असेल. मी कोपऱ्यात स्टुलावर होतो. घास भरवता भरवता ती म्हणाली, "सरे, तो माणूस बघितलास? तुझा नवरा आहे तो. मी उगीच नावं ठेवायचे. बरा आहे."

सरूनं माझ्याकडं खूप वेळ पाहिलं. "माझा?"

"तुझाच."

"मग जेवला का तो?"

दुसऱ्या दिवशी ती ते विसरली. हौसाबाईनं पुन्हा सांगितलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. शेवटपर्यंत रोज सांगत राहिली, आणि सरू रोज विचारत राहिली की मी जेवलो का.

थंडीत सरू गेली. झोपेतच. हात मोकळे होते तिचे.

मुलगा-सून पुण्याहून आले, कॉलनी जमली. सवाष्ण गेली म्हणजे अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडावं लागतं. बायकांनी आंघोळ घातली, मळवट भरला आणि विचारलं, "माहेरचं कोण आहे?" कुणी नव्हतं. दिनू अजून नांदगावहून येणाऱ्या गाडीत होता, आणि बहिणीचा मुलगा म्हणजे माहेर नव्हे, असं खालच्या मजल्यावरच्या कुसुमबाई म्हणाल्या. मुलगा म्हणाला, मी दुकानातून आणतो. बायका म्हणाल्या, पोटच्या पोरानं आणलं ते माहेरचं कसं होईल? उन्हं वर आली. पुरुष घड्याळं बघायला लागले. सरू तशीच. मला वाटलं, हिला आता अशीच न्यावी लागणार, बिनमाहेराची.

तेवढ्यात हौसाबाई आली. हातात हिरवं लुगडं, कोरं, घडी न मोडलेलं. कुसुमबाई तिला आडव्या आल्या. "बाई, ती असेपर्यंत केलंत ते ठीक होतं. आता बघायला ती नाही. आता कुणासाठी सोंग?"

हौसाबाई काही बोलली नाही. इतकी वर्षं बघतोय, तिला वाक्य सुचलं नाही असं कधी झालं नव्हतं. ती लुगडं छातीशी धरून नुसती उभी राहिली. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मी म्हणालो, "बाजूला व्हा, कुसुमबाई. वच्छाक्का आहेत त्या. घालू द्या."

त्यांनी घातलं.

चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की समोर रांगोळी पडलेली नाही. दार लोटलेलं होतं. हौसाबाई जमिनीवर चटई टाकून बसली होती. केस विंचरलेले नव्हते. देवावर फडकं.

"बरं नाही का?"

"सुतक आहे."

मी म्हणालो, "लग्न झालेल्या बहिणीचं तीन दिवसांचं असतं."

"मी दहा धरलंय, अण्णा. मला एकच होती."

सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजार डबे आणतो. माझ्याकडं दोन्ही वेळचे मिळून सात-आठ डबे येत होते, खाणारी आम्ही तिघंच. तिच्या दाराशी एकही आला नव्हता, कारण तिला सुतक आहे हे कॉलनीत कुणाला माहीतच नव्हतं. चार दिवस काय खाल्लं ते मी विचारलं नाही. घरी गेलो, दोन डबे उचलले, आणि खालच्या मजल्यावर जाऊन कुसुमबाईंना सांगितलं, "उद्यापासून समोरच्या दारालाही एक डबा लागेल. माझ्या मेहुणीकडं."

मग वर येऊन चटईच्या दुसऱ्या टोकाला बसलो आणि डबे उघडले.